चार नंबरच्या खोलीतली प्रार्थना

— बसा हो, सिस्टर नेल्डा, बसा तर खरं. गुडघा धरलाय तुमचा, दिसतंय मला. खाली माणसं थांबलीत? थांबू देत की, गाणी येतात सगळ्यांना. अख्खी व्हॅन भरून आलात म्हणे — म्हणजे आज पाइन फोर्कमध्ये चर्चच्या दाराला कुलूप लावायलाही कुणी उरलं नसेल. आणि हा मक्याचा पाव कशाला आणलात, एवढ्या लांबून, मांडीवर धरून? मर्लीनला सांगू नका हं, तिनं माझं लोणी बंद केलंय. आमदार झाल्यापासून पोट सुटलं म्हणते. खरंय ते. रेडिओवर असताना पोट कुणाला दिसत नव्हतं.

ते दिवस बरे होते, सिस्टर. पहाटे उठायचं, चार गाणी लावायची आणि फोन घ्यायचे. ब्रदर हारलन, माझ्या नवऱ्याच्या किडनीसाठी प्रार्थना करा. ब्रदर हारलन, गाय हरवलीय. करायचो की मी, गाईसाठीसुद्धा, नाव घेऊन. आणि काही जण नुसतंच म्हणायचे — न सांगण्यासारखं आहे, ब्रदर, देवाला ठाऊक आहे — आणि फोन ठेवायचे. आपल्याकडे चालतंच ते, कुणी खोदून विचारत नाही. तुम्हीसुद्धा कितीतरी महिने तेवढंच म्हणायचात. मग एक दिवस तुम्हाला रडू फुटलं आणि नाव बाहेर आलं. कोल्बी. नातू. मिसरूड न फुटलेलं पोर, नशेच्या गोळ्यांसकट सापडलं, न्यायाधीशानं वीस वर्षं ठोकली. गाणं थांबवलं होतं मी त्या दिवशी, आठवतंय ना? म्हणालो, सिस्टर, हा मुलगा तुमच्या दारात येईपर्यंत मी तुमच्या शेजारी उभा आहे. सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं ते. त्या एका वाक्यावर मी निवडून आलो, असं मर्लीन म्हणते. मी नाही म्हणत. बायकोचं तोंड कोण धरणार?

आणि मनापासून म्हणालो होतो — असं बघू नका माझ्याकडे — मनापासून. पण रेडिओवर वाक्य बोललं की झालं, पुढचं गाणं लागतं. इथं तसं नसतं. इथं पोलिसांचा शेरीफ असतो, सरकारी वकील असतात, पुढच्या निवडणुकीला कोण आपल्या बाजूनं उभं राहणार ते बघावं लागतं. विधेयकं ज्या समितीपुढे येतात तिचा अध्यक्ष मी, मान्य, पण अध्यक्ष म्हणजे काही देव नव्हे. आता तुमचं हे विधेयक, तरुणपणी आत गेलेल्यांना अर्ध्या शिक्षेनंतर सुटकेचा अर्ज करू द्या म्हणणारं — चांगलं होतं. आहे. चांगलं आहे, म्हणतोय मी. तुम्ही फार शब्द धरून बसता हो. मी काय म्हणत होतो — हां, तो केंटन. रेडिओवर माझ्या जागी आलाय तो पोरगा, माझ्याच खुर्चीत, माझ्याच माइकवर. गेल्या वर्षी असल्याच एका कायद्याला मी हात वर केला, तर हा गडी आठवडाभर रोज सकाळी, हारलन स्टोव्हॉल गुन्हेगारांना मोकळं सोडतो म्हणून. आणि फोनवर कोण? त्याच बायका. जिच्या नवऱ्याच्या किडनीसाठी मी रडलोय, ती म्हणाली, प्रभू, या माणसाला खुर्चीवरून खाली उतरव. प्रार्थनेत म्हणाली, सिस्टर. कुणी भाषण केलं तर उलट भाषण करता येतं, प्रार्थनेला काय उत्तर देणार? गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बसलो होतो मी. भीती वाटली मला, खरं सांगतो. अजून वाटते.

बैठक दोन वाजता? हो, तुमच्या कागदावर दोनच असणार. वेळ बदलता येते ना पण. आदल्या संध्याकाळी दाराला चिठ्ठी लावली की झालं, नियमातच आहे. सकाळी — आता ऐकाच, कधीतरी कळणारच — सकाळीच झाली बैठक. दहा मिनिटांत आटपली. पण तुमचं विधेयक कुणी पाडलं नाही, हे लक्षात घ्या. विरोधात एकही हात वर झाला नाही, माझाही नाही. यादीतून नाव मी पुकारायचं असतं, ते पुकारलं नाही, इतकंच. विधेयकं पुकारायचा आज शेवटचा दिवस होता, पुकारलं नाही की ते आपोआप संपतं. मी काहीच केलेलं नाही. नुसता गप्प बसलो. दोन वर्षांनी पुन्हा आणू आपण, मी स्वतः आणीन. डॉक्टर तुम्हाला काय म्हणालेत ते माहितीय मला, ते मध्ये आणू नका. आणि शिपायाला मीच सांगितलं होतं, बैठकीची चार नंबरची खोली उघडी ठेव, म्हातारी माणसं आहेत, बसू दे. म्हटलं, गाणी म्हणतील, प्रार्थना करतील, मन हलकं होईल आणि परत व्हॅनमध्ये बसतील. तुम्ही वर येऊन विचाराल, हे कुठं ठाऊक होतं?

अहो, ओरडा माझ्यावर. शिव्या द्या. तिकडे काय बघताय? ते होय — तो डबा आहे, प्रत्येक समितीच्या खोलीतला आवाज इथं टेबलाशी बसून ऐकता येतो. चार नंबर लागलाय वाटतं. आपलीच माणसं आहेत. हा ऑर्व्हिल, दात नसल्यासारखा म्हणतो तो सगळी गाणी. थांबलं गाणं. प्रार्थना सुरू केली त्यानं. रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहून — कुणी सांगितलं नाही का त्यांना अजून? नाही, कोण सांगणार, मीच तर — ऐका, माझं नाव घेतोय. आमच्या हारलनला बळ दे म्हणतोय. प्रभू, त्याला आम्ही पाठवलंय, त्याचं तोंड उघड. सगळे आमेन म्हणताहेत.

बंद करा ते, सिस्टर. बटण तुमच्या हाताशीच आहे, उजवीकडे फिरवू नका, डावीकडे — डावीकडे म्हणतो ना. आवाज मोठा का केलात? कुठं निघालात? खाली जाऊन काय सांगणार तुम्ही त्यांना? मीच येतो, जरा वेळानं येतो, तुम्ही काही सांगू नका. काठी राहिली तुमची. बरं, राहू दे. निदान दार तरी ओढून घ्या, सिस्टर. बाहेर ऐकू जातंय सगळं.