गावानं माझ्याकडून घेतलेला होकार

माझं माहेर जालन्यातलं, मस्तगडाचं, बाप रंगारी, आन मला दिलं अंबडच्या बाजूला एका खेड्यात, तव्हा मी बारा वर्साची. काय सांगू तुला बाई, त्या गावाचं लई नाव होतं. आमच्या गावातून कचेरीत एकबी तंटा गेला न्हाई, निजामाचा गिरदावर, सारा तपासाया यायचा, तोबी म्हणायचा, असं गाव दुसरं न्हाई. बांधाचं भांडण असू दे, चराईचं असू दे, सारे मारुतीच्या पारावर बसायचे, बोलायचे, आन समदे हो म्हणंस्तोवर उठायचे न्हाईत. ज्याच्या घरावर निकाल, त्या घरानंबी हो म्हणायचं, त्याच्याबिगर निकाल न्हाई. पिण्याची इहीर गावात एकच, बैठक बसली की तिचा दोर काढून पारावर आणून ठेवायचे, एकमत होईस्तोवर कुणी घागर सोडायची न्हाई. तहान लागली की माणूस जल्दी समजुतीला येतो, असं म्हाताऱ्यायचं म्हणणं. मलाबी ते बराबर वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मंग एका उन्हाळ्यात पटकी आली. दोन घरचे माणसं गेले, तिसरे आमचे मालक पडले. जुलाब, उलट्या, डोळे आत गेलेले. पारावर ठरून राह्यलं होतं की मालकाला वढ्यापल्याड खोपीत नेऊन ठेवायचं, जवळ कुणी जायचं न्हाई, भाकर-पाणी दगडावर ठेवून माघारी यायचं. घरात मी आन चार वर्साची लेक, दुसरा गडीमाणूस न्हाई, मंग होकार द्यायचा कुणी? पाटलानं मला बोलावलं. त्या पारासमोरून आम्ही बाया चपला हातात घेऊन जायचो, आन त्या दिवशी मला म्हणले, ये सोना, सावलीत उभी राह्य, भिऊ नको, आमच्या गावात जबरदस्ती न्हाई, तू हो म्हणलीस तरच नेऊ.

मी म्हणलं, न्हाई.

कुणी रागावलं न्हाई, कुणी शिवी दिली न्हाई. नुसते इहिरीचा दोर पुढ्यात घेऊन बसून राह्यले. एकजण म्हणला, बाईला इचारलं की न्हाईच म्हणती, म्हणून तर इचारत न्हाईत; तसे सारे हसले. मी घरी आले. मालक पाणी, पाणी करून राह्यले होते आन रांजणाच्या तळाला वाटीभर, ते पाजलं, ते उलटून पडलं. शेतातल्या इहिरी आटलेल्या, वढा कोरडा. दुपारी शेजारची गयाबाई आली, माझी जिवाची मैतरीण, तिनं तिचं पाण्याबिगर मलूल झालेलं तान्हं माझ्या उंबऱ्यावर आणून निजवलं आन म्हणली, घ्या राणीसाब, जगवा न्हाईतर मारा. मी पाराकडं पळाले, म्हणलं, पाटील, एक घागर द्या, मालकाचा घसा सुकला. पाटील लई मायेनं बोलले, अगं लेकरा, दोर आम्ही कुठं धरलाय? तूच धरलाय.

मंग मी हो म्हणलं.

पहिली घागर मलाच दिली. मालकाला पाजली, त्यायनं डोळे उघडले, आन बाजंवर घालून नेताना पाटलानं त्यायला सांगितलं, तुझ्या बायकोच्या संमतीनं चाललंय बरं.

मेले असते तर मी रडून मोकळी झाले असते. मालक जगले. पंधरा दिवसांनी चालत घरी आले, गावानं नारळ फोडला, सारे म्हणले, पाहा, एकमतानं गाव वाचलं. घरात आल्यावर मालक इतकंच बोलले, हो म्हणलीस ना? मंग आता म्हणत जा.

त्यायनं माझ्यावर हात कधी उचलला न्हाई. लेक नऊ वर्साची झाली, थोराड बिजवराला दिली, त्याच्या आधी मला म्हणले, हो म्हण. मी गप राह्यले की तेबी गप, दोन-दोन दिवस जेवायचे न्हाईत. लेक पहिल्याच बाळंतपणात गेली. सवत आणली तव्हा तिच्यासमोर इचारलं, हो ना? हो.

औंदा मालक गेले. निजामाचं राजबी गेलं, आता आपलं राज म्हणतेत. परवा पाटलाचा ल्योक आल्ता, म्हणला, काकू, आता गावाच्या कारभारात बायांलाबी... मी म्हणलं, हो. तो हसला, अवो पुरं ऐका तरी. बिलकुल कळलं न्हाई बघ, तोंडातून निघूनच गेलं.

असू दे. तू सुखी राह्य बाई. तुला कधी कुणी पारावर बोलावू नये, देवाला एवढंच म्हणते.