शून्याचं बटण

...आणि वर मलाच विचारतात, 'काका, तुम्हाला राग येतो का?' आता काय बोलायचं यावर? अहो, तुम्हाला सांगतो, या मानसशास्त्र विभागात बावीस वर्षं मी फॉर्म छापतोय, टाचतोय, वाटतोय, भरून आले की आकडे कॉम्प्युटरवर चढवतोय, हजारो लोकांचे राग माझ्या या दोन बोटांखालून गेले, आणि माझा राग विचारायला यांना आत्ता सवड झाली! बसा, बसा, मॅडम यायला अवकाश आहे, तुमचा नंबर आला की हाक मारतो. मी माणूस एकदम शांत. आवाज चढवलाय का कधी? विचारा कुणालाही.

तर मॅडमचा हा नवा अभ्यास. स्वतःवरच फिदा असलेली माणसं आणि काळजाच्या जागी दगड असलेली माणसं, दोन्ही मोजायची, आणि मग बघायचं यातलं कोण दुसऱ्याच्या अंगावर जास्त धावून जातं. मॅडम म्हणतात, पहिल्या जातीच्या माणसाचा अपमान करावा लागतो, मग तो चवताळतो. दुसऱ्याला तेवढंही निमित्त लागत नाही. त्यासाठी एक फॉर्म तुम्ही स्वतःबद्दल भरायचा, एक तुमच्या जवळच्या माणसानं तुमच्याबद्दल भरायचा, कारण स्वतःला विचारलं तर काय, जो तो साधुसंतच... आणि मग तो खेळ.

लोकांना बोलवायच्या आधी सगळं नीट चालतंय का ते बघायला कुणीतरी हवं होतं. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, 'काका, तुम्ही बसता का?' बसलो. 'मी चारचौघांत उठून दिसतो', एक ते पाचमध्ये किती? एक. 'दुसऱ्याला वापरून घेण्यात मला वावगं वाटत नाही', एक. सगळीकडे एक. नम्रपणात मला कुणी हरवून दाखवावं, या गावात तरी असा माणूस नाही.

मग खेळ. आधी एक निबंध लिहायचा, पलीकडच्या खोलीतला माणूस त्यावर शेरा मारतो, 'इतकं टाकाऊ मी आजवर वाचलं नाही', आणि मग तुम्ही डाव जिंकलात की त्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा, किती मोठा ते तुमच्या हातात, एक ते दहा बटणं, आणि कडेला शून्याचं. तुम्हाला म्हणून सांगतो, पलीकडे कुणी नसतं. शेरे मीच छापतो. मॅडमना कळू देऊ नका हं. पण मीच छापलेला शेरा माझ्या हातात पडला तरी लागला हो मनाला. तरी जिंकलेल्या प्रत्येक डावात मी काय दाबलं? शून्य. मॅडम म्हणाल्या, 'काका, असा माणूस मी पाहिला नाही.' अहो, पाहणार कुठून? विचारा कुणालाही.

राहिला जवळच्या माणसाचा फॉर्म. आता जवळचं कोण? बायको जाऊन दीड वर्ष झालं. एक मुलगी आहे, दुसऱ्या शहरात. चार वर्षांपूर्वी मला न विचारता तिकडची नोकरी धरली, तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. भांडण? छे. एक शब्द बोललो नाही तर भांडण होईल कसं? आणि बायको होती तोवर अडलंही नाही, ती फोन कानाला धरून मला सांगायची, 'अहो, ती विचारतेय, गुडघा कसा आहे?' मी भिंतीकडे बघून म्हणायचो, 'सांग तिला, आहे जागेवर.' बायको गेल्यावर मुलगी दर रविवारी मलाच फोन करायला लागली. 'बाबा, जेवलात? बाबा, गोळ्या आहेत ना?' मी ऐकायचो की सगळं! मधेच ठेवला का कधी? मग एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही आला नाही. सात महिने झाले. म्हटलं, हा फॉर्म जाईल, जवळचं माणूस म्हणून बापानं कुणाचं नाव लिहिलंय ते तिला दिसेल, आणि आपल्याला तोंड उघडायला नको. एवढ्यावर तिचा फोन आला तर मला जगात दुसरं काही नको होतं.

फोन नाही आला. अकराव्या दिवशी पाकीट आलं. पाकिटं फोडायचं काम माझंच, स्वतःचं फोडू नये असा नियम आहे, पण तो नियम छापणाराही मीच. 'रागात वस्तू फेकतात', एक. 'शिवीगाळ करतात', एक. 'हात उचलतात', एक. भरून आलं हो मला. 'चूक कबूल करतात', इथंही एक, इथं एक म्हणजे वाईट, पण असू दे. मग सदतिसावा प्रश्न, 'दुसऱ्याचं दुःख यांना कळतं.' तिथं तिनं पाच लिहून खोडलं होतं, मग तीन लिहून खोडलं होतं, मग रिकामंच सोडलं होतं. कागद पातळ झाला होता त्या जागी.

खाली 'आणखी काही सांगायचं असल्यास' म्हणून चार ओळी सोडलेल्या असतात. तिथं सहसा कुणी लिहीत नाही. तिनं लिहिलं होतं, 'आई गेली तेव्हा बाबांनी तिच्याशी धरलेल्या अबोल्याचा एकोणिसावा दिवस होता. ती मला भेटायला आली म्हणून. दवाखान्यात रोज मला विचारायची, आज बोलतील का गं? बाबा कधीच ओरडले नाहीत. ओरडले असते तर कधीतरी थांबले असते.'

खरं आहे. एकोणीसच. माझं ठरलेलं असायचं, लहानसहान चुकीला आठवडा, मोठ्या चुकीला वीस दिवस. सोळाव्या दिवशी तिला दवाखान्यात हलवलं. मी रोज जायचो, डबा न्यायचो, उशी सारखी करायचो, डॉक्टरांशी, नर्सशी, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या जावयाशी तासन् तास बोलायचो, आत्ता तुमच्याशी बोलतोय तसा. फक्त तिच्याशी नाही. ती डोळे लावून बघत राहायची आणि मी मनात म्हणायचो, एकच दिवस राहिलाय... कुणाला ठाऊक होतं हो. तेव्हापासून काळीज नुसतं जळतंय माझं.

मॅडमकडे गेलो. म्हटलं, 'तुमच्या या एवढ्या फॉर्ममध्ये अबोल्याचा प्रश्न का नाही?' त्या चष्मा पुसत म्हणाल्या, 'काका, आपलं यंत्र आवाज मोजतं. शून्य दाबलं म्हणजे इजा केली नाही, असंच धरावं लागतं.' धरा म्हटलं.

काल जेवणाच्या सुट्टीत या टेबलावरच्या फोनवरून तिचा नंबर लावला. तिनं उचलला. 'हॅलो?' चार वर्षांनी मी मुलीशी बोललो, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून काय निघावं? 'आपल्या फॉर्ममधला प्रश्न क्रमांक सदतीस रिकामा आहे.' ती गप्प. म्हटलं, 'बाळा, मी बाबा बोलतोय.' गप्प. मग जो सुटलो तो सुटलोच, चुकलं माझं, तुझ्या आईशी बोलायला हवं होतं, तुझ्याशी बोलायला हवं होतं, घरात करमत नाही, तू शिव्या दे पण बोल... फोन ठेवत नव्हती हो. श्वास ऐकू येत होता. वीस मिनिटं मी हॅलो, हॅलो करत होतो आणि तिकडून एक शब्द नाही.

जन्मल्यापासून जो तो म्हणत आलाय, पोरगी अगदी आईवर गेलीय. कसली आईवर... बापावर गेलीय.