करपलेली भाकर

माझ्या लयीचं कौतुक करायलाव, तर तिचं मूळ ऐका. गाण्याच्या विशारद परीक्षेआधी माझ्या गाण्याच्या मास्तरांनी मला मैलूरच्या आमच्या घरीच चार लोकांसमोर गायला बसवलं. तबल्यावर ते स्वतः. ख्यालात एकदा माझी सम, म्हंजे तालाची पहिली मात्रा, हुकली. पुढच्या आवर्तनात ओळ परत धरून मी सावरून घेतलं. लोक माना डोलवतच होते, कुणालाच कळलं न्हाई.

तेवढ्यात आई करपलेली भाकर घेऊन चुलीपासून उठून आली.

"आज उशीर कामून केलीस गं? रोज तू ती ओळ परत धरलीस की मी भाकर उलटते!"

मास्तरांनी तबल्यावरचा हात उचलून तिला नमस्कार केला.

परीक्षेत परीक्षक साहेबांनी विचारलं, "लय पक्की आहे. तालीम कुणाची?"

मी मास्तरांचं नाव सांगितलं आन् मान ताठ करून म्हणलं, "आन् आईच्या तव्याची."