नवी कोरी जॅकेटं

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा एका सवारीसाठी खोळंबली होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे एक म्हातारी आणि तिचा भाचा.

"आत्या, उद्या बोट खाडीतून थेट समुद्रात नेतो. पोरं पन येतायत."

"वारा बघितलास?"

"मोबाईल सांगतो ना."

"मोबाईल वल्ही मारनार हाय? बाप तुझा आभाल बघून होडी काढायचा. तू गोदामाचं भाडं खाऊन खलाशी झालास!"

"लाईफ जॅकेटं घेतलीत, भारीतली."

"घातलीस कधी?"

"नवी हायत गं, खाऱ्या पान्यानं खराब होतील. बोटीतच पेटीत ठेवलीत, कुलूप लावून. लोक चोरतात."

"आनि चावी?"

"घरी, दिपालीकडं. ती काय येत न्हाय, पान्याला घाबरते."

"चावी बायकोकडं ठेवायची अक्कल हाय ना? मग पोरांना पन तिच्याकडंच ठेव."