डबा उघडण्याआधी

सर: काय गं मुंगी, जिन्यात काय बसलीस? आत सगळे खोळंबलेत.

मुंगी: सर, दार लोटून घ्या ना. आज डबा नको उघडायला.

सर: घाबरलीस? घाबरणारच. इतकी वर्षं आपल्याच मोजणीचं उत्तर आपल्यापासूनच असं डब्यात झाकून ठेवायचं, म्हणजे काय खायचं काम आहे? बटण दाबू आणि सुटू. नवा कण असेल तर असेल, नसेल तर नसेल.

मुंगी: तसं नाही. चूक सापडलीय. यंत्र तापलं की मोजणी कमी भरते, म्हणून आपण तेवढी भर घालतो ना? घालत नाही आहोत. उलट आणखी काढून घेतोय.

सर: अधिकच्या जागी उणे? कुठल्या गाढवानं...

मुंगी: सर, प्रोग्रॅममधली ती ओळ तुमची आहे.

सर: माझी?

मुंगी: तुम्ही तापमानाचा फरक उलटा मांडता. ठरलेल्यातून मोजलेलं वजा. आम्ही बाकी सगळे मोजलेल्यातून ठरलेलं. पुढचा प्रोग्रॅम आमच्या पद्धतीनं झाला आणि तुमची ओळ तशीच राहिली.

सर: उलट्या डोक्याचा! घरी रोज ऐकतो, आज इथंही. बरं, दुरुस्तीला किती वेळ?

मुंगी: ओळ बदलायला मिनिटभर. पण सगळं पुन्हा तपासायचं, म्हणजे सहा महिने तरी.

सर: तोवर मी निवृत्त होऊन घरी. आणि तुझी मुदत?

मुंगी: पुढच्या महिन्यात संपते. निकाल हातात असता तर कायमची नोकरी होती. आई सकाळपासून फोनपाशी बसलीय. फार भीती वाटतेय सर.

सर: मग ऐक. आत्ता उघडू. उत्तर कळलं की सावकाश दुरुस्त करू.

मुंगी: आणि उत्तर मनासारखं आलं तर? तरी करू?

सर: करू की.

मुंगी: माझ्याकडे बघून सांगा.

(सर जिन्याच्या पायरीवर तिच्याशेजारी बसतात.)

मुंगी: कण दिसला तर ही चूक बारीक वाटेल. नाही दिसला तर हीच डोंगराएवढी. डबा उघडल्यावर सापडते ती चूक नसते सर, सोय असते.

सर: हे कुणाचं वाक्य?

मुंगी: तुमचं.

सर: तरीच इतकं आगाऊ वाटलं. आणखी कुणाला माहितीय हे?

मुंगी: कुणालाच नाही. गप्प बसले असते तर कळलंही नसतं.

सर: मग का नाही बसलीस?

मुंगी: बसले होते की. इथेच. तुम्ही आलात.

सर: दुरुस्ती केल्यावर कण दिसेल की दिसायचा तोही जाईल?

मुंगी: काढून बघितलं नाही.

सर: मनातल्या मनात तरी?

मुंगी: मनातही नाही. मुद्दामच.

सर: ऊठ. आत मी सांगतो. ओळ माझी, तोंडही माझंच. तुझ्या मुदतीसाठीही भांडतो, पण शब्द देत नाही.

मुंगी: आईला काय सांगू?

सर: सांग, डबा उघडला नाही.

मुंगी: ती विचारेल, मग इतकी वर्षं केलंस तरी काय?

सर: तेच सांग. उघडला नाही.