हाडातलं इख

न्हाय म्हंजे न्हाय, डाक्टर म्याडम! — चहा घ्या, चहाला न्हाय म्हणत न्हाय म्या, पर सुई न्हाय. जगदेवीनं सांगितलं आसंल तुमाला, येते म्हणून — जाऊन बसली बी तुमच्या जीपमधी, चांगलं लुगडं नेसून — पर बायकू माजी हाय, मान वाकडी झाली तवापास्नं तिला घेऊन म्याच फिरलो, सोलापूर म्हणू नका, लातूर म्हणू नका — कुणी म्हणलं भायेरचं हाय, कुणी म्हणलं शीर आखडली. मंग तुमी घावलात. तुमचं त्या इखावरच शोधकाम, मानंत सुई द्यायची आन बगायचं, शीर ढिली पडती का, किती दिस ढिली ऱ्हाती — आसंच ना? पर पयल्या बारीला इख हाय म्हणून बोलला न्हाईत तुमी! — सांगितलं व्हतं? कवा? — आसंल. औषिद म्हणून ऐकलं म्या. इख म्हणून न्हाय ऐकलं.

गुण आला, खोटं कशाला बोलू. खांद्याला टेकलेली हनुवटी हळूहळू म्होरं आली. भाकरी वाढताना सरळ माज्या तोंडाकडं बगितलं तिनं, इतक्या वर्सांनी — आन म्याच खाली बगितलं — सांगू नका कुणाला. मधी काय दिस पाणी गिळंना, नाकातनं भायेर यायचं, तवा तुमी सोता येऊन बगितलं, म्हणलात, आंबील घट्ट करून द्या, हनुवटी खाली करून गिळू द्या, उतरंल ह्ये. उतरलं. तवा न्हाय घाबरलो म्या. का म्हणून घाबरू? तवा माजी हरणी जित्ती व्हती ना!

हरणी म्हंजे गाय वो माजी. आमच्याकडं जनावर मेलं की माळावर वडून टाकत्यात, आन उनाळ्यात चारा नसला की बाकीची गुरं ती हाडं चघळत्यात — समदं गाव आसंच करतंय, माजा बाप बी तेच करायचा. हरणीनं चघळलं. सकाळी मागचे पाय उचलंनात, दुपारी बसली ती बसलीच. जीभ वडून बगितली तर हातातच ऱ्हायली, आत जाईना. आन मान — मान फिरवून कुशीवर ठिवली बगा तिनं. डोळे मातर जागे. समदं कळायलं व्हतं तिला, म्या शिव्या देतोय त्ये बी. गुरांचा डाक्टर आला, म्हणला, हाड चघळलं का, सडक्या हाडात इख धरतंय — आन त्यानं त्या इखाचं नाव घेतलं. तुमी सुईचं सांगितलेलं त्येच नाव! बोटुलिनम! दोनदा म्हणाय लावलं म्या त्याला. — थेंबाचा बी थेंब? मापात? मापाचं मला नका शिकवू, तुरीवर फवारतो म्या. पर इख त्येच ना? गाईची मान पाडणारं इख बायकूची मान सरळ करतंय — ह्ये कुणाच्या डोक्यात शिरंल?

थांबा तुमी, म्या बोलायलोय! सुईचा गुण सरला, परत वळायलीय मान, तर वळू द्या की! काय आडलंय? दूध काढती, सैपाक करती. म्या टाकलं का तिला? दुसरी केली? हसणाऱ्याचं तोंड फोडलंय म्या ह्याच गावात, चावडीम्होरं. वाकडी तर वाकडी, पर जित्ती ऱ्हाईल ना ती! आन उद्या सुईनं तिनं बी जीभ भायेर टाकली, निस्ती बगत पडली माज्याकडं — तर म्या काय करायचं? भांडायचं कुणासंगं ह्या घरात?

— काय म्हणलात? — दुकती? मान दुकती? — ह्यॅ! दुकली आसती तर मला बोलली नसती व्हय? वाकडी हाय निस्ती. दुकत न्हाय. — रोज? — झोप न्हाय लागत? आवो, शेजारीच झोपतो की म्या, कदी कण्हल्याचा बी आवाज न्हाय — लुगड्याचा पदर? दातात धरून?

कवा सांगितलं तुमाला? — आत्ता? जीपमधी? — आन मला का न्हाय सांगितलं म्हणली?

— बोला की.

— त्ये लगीच तापत्यात म्हणून. आसं म्हणली. बरं.

बरं, घेऊन जावा. डाव्या खिडकीला बसवा तिला, मान तिकडंच वळती, भायेरचं दिसंल. — न्हाय, म्या न्हाय येत. हाक मारू नका तिला, हिकडं बोलवू नका. माज्याकडं काय बगताय? जावा म्हणलं ना!