आईला कुशीवर वळवण्यावरून झालेल्या मारहाणीबाबत

मी, फिर्यादीची सख्खी थोरली बहीण, वय ५४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बाजारामागची गल्ली, दुकानाच्या वरची खोली. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

माझ्या आईचे खुब्याचे ऑपरेशन झाले असून ती इस्पितळात बायकांच्या वॉर्डात आहे. तिला आपणहून कुशीवर वळता येत नाही. दिवसभर मी तिच्यापाशी असते. भाऊ ऑफिसातून येतो, खुर्चीत बसून फोन बघतो आणि जाताना सगळ्यांना सूचना देतो.

वॉर्डात पाळीपाळीने दोन सिस्टर असतात. एकीला भाऊ गोड सिस्टर म्हणतो. ती आईला "माझी सोनुली" म्हणते, उशी थोपटते आणि पुढच्या कॉटकडे जाते. आईची पाठ तिने कधी पाहिलेली नाही. दुसरीला भावाने हवालदारीण असे नाव ठेवले आहे. जबाब लिहिणाऱ्या बाईसाहेबांनी राग मानू नये. ती ठरल्या वेळेला येते, आईच्या पायांमध्ये उशी ठेवून तिला कुशीवर करते, पाठ पुसते, टाचा बघते. आई कण्हते, शिव्याही घालते. सिस्टर म्हणते, "घाला आजी, पण वळा."

भावाला ते कण्हणे सोसवेना. त्याने ऑफिसातून "रुग्णाची झोपमोड करू नये" अशी पाटी छापून आणली आणि कॉटला बांधली. गोड सिस्टरचे आयतेच फावले. तिच्या पाळीत आई उताणीच पडून राहू लागली. मी वळवू लागले तर भाऊ म्हणाला, "ताई, तू ब्लाउज शीव. आईचं काय करायचं ते मला कळतं."

आईच्या माकडहाडावर जखम झाली. हवालदारणीच्या ओढाताणीने कातडी सोलली, अशी भावाने मेट्रनबाईंकडे तक्रार केली. मेट्रनबाई गोड सिस्टरचे नाव घेऊन म्हणाल्या, "तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. म्हणजे तिचं काम चांगलं." एवढ्या अकलेवर त्या वॉर्ड चालवतात. हे माझे मत आहे, तेही लिहून घ्यावे.

काल दुपारी हवालदारीण सिस्टरने ती पाटी सोडून बाजूला ठेवली आणि आईला वळवायला घेतले. तेवढ्यात भाऊ आला. "कसाई आहेस का?" असे म्हणत त्याने सिस्टरच्या कानशिलात मारली, मग परत मारली. आता तो फिर्यादीत सांगतो की सिस्टरने आधी त्याची कॉलर धरली आणि त्याने नुसता हात झटकला. त्याच्या सांगण्यावरून इस्पितळाने तिला घरी बसवले आहे. मला भावाची लाज वाटते.

मी कॉटच्या पलीकडे आईचा पाय धरून उभी होते. पहिल्या फटक्याने सिस्टरचा चष्मा पडला. दुसरा येताना तिला दिसत होता. तिने तोंड फिरवले, पण हात वर केला नाही. केला असता तर आई कॉटवरून खाली आली असती. कॉलर धरायला तिचे हात मोकळेच नव्हते. दोन्ही आईच्या पाठीखाली होते.

हा जबाब बाईसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. भावासमोर वाचायचा असल्यास मला बोलवावे, मी येईन. फक्त आईला वळवायची वेळ टाळून बोलवावे. सिस्टरला घरी बसवल्यापासून ते काम माझ्याकडे आहे.